कुंपण नसलेली बाग

इंग्लंडच्या केंट परगण्यातलं डंजनेस ही बाग करायची जागा नव्हे. मैलोगणती नुसता गोट्यांचा किनारा. माती जवळजवळ नाहीच. वारा अडवायला झाड नाही, आणि घरामागे क्षितिजावर अणुवीज केंद्राच्या थोराड इमारती. खारा वारा सुटला की कोवळी पानं करपून जातात. अशा जागी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोळ्यांचं म्हणून बांधलेलं एक लाकडी घर आहे, प्रॉस्पेक्ट कॉटेज. चित्रपट दिग्दर्शक डेरेक जार्मनने ते १९८६ साली ३२ हजार पौंडांना घेतलं. पैसे वडिलांच्या मागे आलेले. त्याच वर्षी डिसेंबरात त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं निदान झालं. तेव्हा हे निदान म्हणजे मुदत ठरल्यासारखंच होतं. १९९४ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ५२ व्या वर्षी तो गेला. मधल्या वर्षांत त्याने चित्रपट केले, चित्रं काढली, रोजनिशी लिहिली. आणि हे घर, ही बाग केली. माझ्या मते त्याच्या साऱ्या कामात ही बागच सर्वांत थोर आहे.

आधी घर पाहू. जुनं घर हाती आलं की माणूस त्याला नटवायला बसतो. जार्मनने घराचं मूळ रूप राखलं. भिंतींच्या फळ्यांना काळंभोर डांबर, होडीच्या बुडाला फासतात तसं. आणि खिडक्यांच्या चौकटी झगझगीत पिवळ्या. बाहेरून दिसणारं रंगकाम एवढंच. हा पिवळा रंग घरापुरता बघितला तर भडक वाटेल. पण एप्रिलमध्ये तिथल्या किनाऱ्यावर गॉर्सची काटेरी झुडपं फुलतात, आणि त्या फुलांचा पिवळा पाहिला की चौकटींचा रंग कुठून आला ते उमगतं. घर आणि झुडूप एकमेकांना साद घालतात. गॉर्सच्या फुलांना ऊन लागलं की त्यांना चक्क खोबऱ्याचा वास येतो! कोकणातल्या माणसाला त्या परक्या किनाऱ्यावर यापेक्षा आपुलकीचं स्वागत कोणतं मिळणार?

घराच्या दक्षिण भिंतीवर एक कविता आहे. कागदावर नाही, रंगाने लिहिलेलीही नाही. लाकडाची अक्षरं कापून ती फळ्यांवर बसवली आहेत. कविता सतराव्या शतकातल्या जॉन डनची, ‘द सन रायझिंग’. पहाटे खिडकीतून आत डोकावणाऱ्या सूर्याला प्रियकर दटावतो आणि शेवटी त्यालाच सांगतो, की आमच्या खोलीत प्रकाशलास म्हणजे सगळ्या जगात प्रकाशलास. जार्मनने सुरुवात आणि शेवट घेतला, मधलं कडवं गाळलं. आता भिंतीची निवड बघा. इंग्लंडात सूर्य दक्षिणेच्या अंगाने फिरतो, म्हणजे या भिंतीवर दिवसभर ऊन. ज्याला उद्देशून कविता आहे, तोच ती रोज वाचून जातो. अक्षरं भिंतीपासून उठावदार असल्याने त्यांची सावली पडते आणि उन्हाबरोबर सरकत राहते. काळ्यावर काळी अक्षरं. ती वाचता येतात ती या सूर्याच्या कृपेनेच. घर दुरुस्त करताना कुणी भिंतीला याहून मोठा मान दिल्याचं मला आठवत नाही.

बागेची सुरुवात मात्र अगदी साधी. त्याने एक रानगुलाब लावला. रोपाला टेकू हवा, म्हणून किनाऱ्यावर वाहून आलेलं एक लाकूड शेजारी रोवलं आणि त्यावर भोकाच्या गोट्यांची माळ अडकवली. पुढे बागेत जे जे आलं त्याचं बीज या टेकूत आहे. सगळं जिथलं तिथलं. भरतीने टाकलेले खांब, गंजलेल्या साखळ्या, युद्धकाळात काटेरी तारा ताणायला रोवलेल्या पिळाच्या लोखंडी सळ्या. उंच, निमुळते चकमकीचे दगड त्याने उभे पुरले, काही वर्तुळात मांडले. इंग्लंडातल्या एव्हबरी गावच्या प्राचीन शिळावर्तुळांचा त्याला ध्यास होता, त्यावर त्याने १९७१ साली एक छोटा चित्रपटही केला होता. इथे तीच वर्तुळं तळहाताएवढी होऊन दारात आली.

रोपांसाठी गोटे उकरून खड्डा करायचा, त्यात शेणखत भरायचं, रोप लावायचं आणि वर पुन्हा गोटे पसरायचे. वरून पाहणाऱ्याला रोप थेट दगडातून उगवल्यासारखं दिसतं. जार्मन मुळात नेपथ्यकार. केन रसेलच्या ‘द डेव्हिल्स’ या चित्रपटाचं नेपथ्य त्याचं. मेहनत झाकून परिणाम तेवढा दाखवायचा, ही नेपथ्यकाराची जुनी विद्या. पण एका बाबतीत त्याने नेपथ्याचा नियम मोडला. मागचं नको ते दृश्य त्याने झाकलं नाही. कुंपण नाही, पडदा नाही. खसखशीच्या लाल फुलांमागे अणुवीज केंद्र उभं आहे ते आहेच. रात्री त्याचे दिवे लागत, तेही त्याने बागेत धरले. बाग नेमकी कुठे संपते आणि किनारा कुठे सुरू होतो, ते बोट ठेवून सांगता येत नाही.

वसंतात हे सर्वांत चांगलं कळतं, ते सी-केलमुळे. ही कोबीच्या कुळातली किनाऱ्यावरची रानवनस्पती. तिची मुळं गोट्यांखाली खोल जातात. हिवाळ्यात वर काहीच दिसत नाही. मार्चमध्ये गोट्यांतून जांभळट, चुरगळलेले कोंब वर येतात, हळूहळू निळसर करडी रुंद पानं पसरतात आणि मे-जूनमध्ये पांढऱ्या फुलांचे झुपके येतात, मधाच्या वासाचे. बागेतली सी-केल आणि बाहेरची सी-केल सारखीच. लॅव्हेंडर, सॅन्टोलिना, झेंडू ही लावलेली मंडळी तिच्या शेजारी पाहुण्यांसारखी अदबीने बसलेली दिसतात. हिरवळीची लॉन त्याला मुळीच आवडत नसे, आणि इथे उभं राहिलं की ते पटतं. ही बाग बघताना करुण रस शोधत येणारे फार. माझ्या हाती लागतो तो शांत रस, आणि त्याखाली एक दांडगा उत्साह. शेवटी त्याची दृष्टी अधू होत गेली, १९९३ साली केवळ निळ्या पडद्याचा ‘ब्लू’ हा चित्रपट त्याने केला; बाग तेव्हाही चालूच होती. हॉवर्ड सूलीने काढलेल्या छायाचित्रांसह त्याचं बागेवरचं पुस्तक १९९५ साली, तो गेल्यावर निघालं.

घर पुढे त्याचा सोबती कीथ कॉलिन्सने जिवापाड सांभाळलं. २०१८ मध्ये तोही गेला आणि घर खाजगी विक्रीला जाणार अशी वेळ आली. २०२० साली आर्ट फंड या संस्थेने जाहीर आवाहन केलं. आठ हजारांहून जास्त लोकांनी हातभार लावला आणि ३५ लाख पौंड उभे राहिले. आता क्रिएटिव्ह फोकस्टन ही संस्था त्याची देखभाल करते.

जायचं तर मार्च ते जूनमध्ये जा. किनाऱ्यापर्यंत अरुंद रुळांवरून छोटी वाफेची गाडी जाते, तिनेच जा. बाग रस्त्यावरूनही दिसते. आजूबाजूला लोक राहतात, त्यांच्या खिडक्यांत डोकावू नका. आणि भोकाचा एखादा गोटा कितीही मोह पाडो, उचलून आणू नका. तो तिथलाच आहे.