मेहली मेहतांचं ऋण

आपल्या मंडळातली कितीतरी मुलं शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन नाहीतर चेलो वाजवतात. मेहली मेहता म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, एवढंच त्यांच्या घरी ठाऊक असतं. लॉस एंजेलिसवर त्यांचं ऋण याहून कितीतरी मोठं आहे.

1908 साली मुंबईत जन्मलेल्या या पारशी व्हायोलिनवादकाने 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यातले अनेक वादक गोव्याचे. गावच्या चर्चशाळेत मास्तरांकडून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून मुंबईला आलेले. ही मंडळी पोटासाठी हॉटेलांत आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवत, आणि वर बेथोवनच्या तालमींना हजर राहत. त्यांची नावं फारशी कुठे छापली गेली नाहीत, याची मला खंत वाटते.

पस्तिशी ओलांडल्यावर मेहली घर-संसार मागे ठेवून न्यूयॉर्कला व्हायोलिनचे शिक्षक गॅलामियन यांच्याकडे शिकायला गेले. पुढे मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा, मग फिलाडेल्फिया. 1964 साली ते इथे, लॉस एंजेलिसला आले आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी हा तरुण वादकांचा वृंद सुरू केला. तेव्हा झुबिन याच शहरात फिलहार्मोनिकचे संगीत संचालक होते.

कॉलेजात मुलं एकट्याने कॉन्चेर्टो वाजवायला शिकतात. वृंदात बसणं ही वेगळी विद्या. दोन व्हायोलिनवादकांत एकच स्टँड असतो. आतल्या बाजूचा पान उलटतो, तेवढा वेळ शेजारी सूर सांभाळून धरतो. गज कुठे वर, कुठे खाली, याच्या पेन्सिलच्या खुणा सगळ्यांना सारख्याच पाळाव्या लागतात. मेहली तेहतीस वर्षांहून अधिक काळ आपल्या या वृंदात हेच घोटून घेत राहिले. 1998 मध्ये, नव्वदीला टेकल्यावर त्यांनी संचालकपद सोडलं. त्यांच्या हाताखालची मुलं आज अमेरिकेतल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांत वाजवतात. रॉइस हॉलमधले या वृंदाचे कार्यक्रम विनामूल्य असत, आणि मला मेहलींचा हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो.

2002 साली मेहली गेले. अमेरिकन यूथ सिंफनीही 2024 मध्ये पैशांअभावी बंद पडली. पण शहरातले इतर हौशी आणि युवा वृंद चालू आहेत, आणि त्यांनाही श्रोते आणि देणगीदार हवे आहेत. येत्या हंगामात एक तरी कार्यक्रम सहकुटुंब ऐका. आणि गणेशोत्सवात आपल्या या वादक मुलांना अर्धा तास रंगमंच द्या, ही कार्यकारिणीला विनंती.