पुराव्याधिष्ठित परिचर्या : अध्यापन आणि वॉर्डातील वास्तव

प्रस्तावना

परिचर्या महाविद्यालयांत दीपप्रज्वलनाचा व शपथविधीचा समारंभ श्रद्धेने साजरा होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा अशा रीतीने आपल्या शिक्षणात रुजला. तिचा आलेख मात्र रुजला नाही. क्रिमियन युद्धात (१८५३-५६) सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक दगावले, हे तिने १८५८ मध्ये रंगीत वर्तुळाकार आलेखातून दाखवून दिले. 'पुराव्याधिष्ठित परिचर्या' हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला असला, तरी त्यामागील दृष्टी इतकी जुनी आहे. प्रस्तुत लेखात या संकल्पनेच्या अध्यापनाची चिकित्सा एका नित्याच्या उदाहरणाच्या आधारे केली आहे.

संकल्पना व तिचे संकुचित रूप

डेव्हिड सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केलेल्या मांडणीत उत्तम उपलब्ध संशोधन आणि उपचार करणाऱ्याचे अनुभवजन्य कौशल्य यांचा मेळ अपेक्षित आहे. रुग्णाची परिस्थिती व इच्छा यांनाही तीत स्थान आहे. अध्यापनात मात्र ही संकल्पना बहुधा संशोधन व संख्याशास्त्र या विषयापुरती उरते. प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि बांधीव प्रकल्प सादर झाला की तिचे काम संपते. तीच विद्यार्थिनी वॉर्डात एखाद्या कृतीचे कारण विचारते, तेव्हा 'इथे असेच करतात' हे उत्तर तिला पुरेसे मानावे लागते.

कॅन्युलाचे उदाहरण

शिरेतील कॅन्युला ठरावीक दिवसांनी बदलावी, हा अनेक रुग्णालयांतील नियम. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये क्लेअर रिकर्ड या परिचर्या-संशोधिकेच्या नेतृत्वाखाली ३,२८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दर तीन दिवसांनी कॅन्युला बदललेला गट आणि गरज भासेल तेव्हाच बदललेला गट, या दोहोंत शिरेच्या दाहाचे प्रमाण ७ टक्केच आढळले. म्हणजे कित्येक रुग्णांना सुईचे दुखणे विनाकारण सोसावे लागत होते.

परंतु येथेच थांबणे घातक ठरेल. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांतील २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. गरजेनुसार बदलाचे धोरण स्वीकारल्यावर कॅन्युलाजन्य रक्तसंसर्ग वाढला आणि जुन्या नियमाकडे परतल्यावर तो उतरला. चाचणीतील देखरेख आणि रोजच्या कामाच्या गर्दीतील देखरेख एकच असते, असे गृहीत धरता येत नाही. 'गरजेनुसार' या शब्दाचा अर्थ कोणीतरी प्रत्येक पाळीत ती जागा डोळ्यांनी पाहते, बोटांनी चाचपते आणि 'दुखते का?' असे रुग्णाला त्याच्या भाषेत विचारते, असा आहे. हे घडत नसेल, तर तोच पुरावा निष्काळजीपणाचे समर्थन ठरतो. पुरावा ही तयार पाककृती नव्हे. तो कोणत्या अटींवर खरा ठरतो, हे तपासणे हाच अध्यापनाचा गाभा असावयास हवा.

पुरावा कोणाकडे मागायचा?

या चर्चेतील सर्वात अवघड प्रश्न हा आहे. लिंडा एकन व सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये मांडला. परिचारिकेवरील रुग्णसंख्येत एकाची भर पडली, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. हाही पुरावाच आहे. परंतु परिचारिकेच्या प्रत्येक कृतीचा आधार विचारणाऱ्या व्यवस्थापनाला रिकाम्या पदांचा आधार क्वचितच विचारला जातो. पुराव्याची शिस्त केवळ खालच्या पायरीवर लागू होत असेल, तर तिला शास्त्र न म्हणता हुकूमत म्हणणे अधिक योग्य.

निष्कर्ष

पुराव्याधिष्ठित परिचर्या हा स्वतंत्र विषय न राहता प्रत्येक प्रात्यक्षिकाचा भाग व्हावा. विद्यार्थिनीच्या प्रात्यक्षिक वहीत कृतीच्या पायऱ्यांशेजारी 'आधार' असा रकाना असावा आणि आधार नसेल तेथे 'रूढी' असे प्रांजळपणे लिहिण्याची मुभा असावी. शिक्षिकेने हा रकाना वर्गात नव्हे, तर खाटेशेजारी तपासावा. दिव्याला नमस्कार करणाऱ्या हातांनी नोंदी ठेवल्या, मोजल्या आणि त्या निर्भयपणे वरिष्ठांपुढे ठेवल्या, तरच नाइटिंगेलचा वारसा खऱ्या अर्थाने पुढे जाईल.