वॉल्डनचे तळे आणि कॉलिन्सचे गाठोडे

पेशा सोडून निसर्गात साधे, स्वावलंबी जीवन जगायला गेलेल्या माणसांविषयी आपल्याकडे मोठ्या भक्तिभावाने लिहिले जाते. या लेखनाचा एक मूळ झरा म्हणजे हेन्री डेव्हिड थोरोचे १८५४ साली निघालेले ‘वॉल्डन’. दुर्गा भागवतांनी ते मराठीत आणले. आपल्या पांढरपेशा आस्वादकांनी त्यातले तळे पाहिले, पाखरे ऐकली, एकान्ताची गोडी चाखली. त्यातल्या माणसांकडे मात्र त्यांचे फारसे लक्ष गेल्याचे मला दिसत नाही.

थोरो हार्वर्डचा पदवीधर. काही काळ शाळामास्तर होता. घरचा पेन्सिलींचा धंदा होता. ४ जुलै १८४५ रोजी तो कॉन्कर्ड गावाबाहेर तळ्याकाठी राहायला गेला आणि दोन वर्षे दोन महिने राहिला. झोपडी दहा फूट बाय पंधरा फूट, खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. खिळ्यांपासून चुन्यापर्यंत सगळा हिशेब तो देतो. हे त्याच्या गद्याचे बळ आहे; त्यागाचा असा हिशेब आपल्याकडचे महात्मे सहसा देत नाहीत. पण या हिशेबात जमिनीची किंमत नाही. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती.

आणि फळ्या? त्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश रेल्वेमजुराच्या खोपटाच्या. सव्वाचार डॉलरला ते खोपट थोरोने विकत घेतले. अट अशी की कॉलिन्सने दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जागा सोडायची. सहाला थोरोला ते कुटुंब रस्त्यात भेटते; सारा संसार एका गाठोड्यात. त्या सकाळी घर दोघांनीही सोडलेले असते. एकाच्या सोडण्याचे अभिजात वाङ्मय झाले. दुसरा कोठे गेला, हे पुस्तक सांगत नाही, वाचकही विचारत नाही.

याच पुस्तकात त्या जंगलातल्या पूर्वीच्या रहिवाशांवर एक प्रकरण आहे. केटो इंग्रॅहम, झिल्पा, ब्रिस्टर फ्रीमन ही गुलामीतून आलेली काळी माणसे. कॉन्कर्डच्या गावकुसाबाहेर, नापीक रानात त्यांची घरे होती. झिल्पा सूत कातून पोट भरायची. १८१२ च्या युद्धाच्या काळात तिचे घर जाळले गेले, मांजर, कुत्रे, कोंबड्या सगळी आत जळाली. थोरोने ही नावे नोंदवली, हे त्याचे मोठेपण. तो गुलामगिरीचा विरोधक होता, कर नाकारून एक रात्र तुरुंगात राहिला होता. म्हणूनच त्याचा पुढचा प्रश्न मला टोचतो. कॉन्कर्ड टिकले आणि ही छोटी वस्ती का उजाड झाली, असे विचारून तो पाण्याच्या सोयी आणि मातीचा कस यांचा विचार करत बसतो. गावाकडे बोट दाखवत नाही.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्याकडे पाहा. आपले काही विद्यार्थी आज म्हणतात, नोकरी नको, खेड्यात जाऊन सामूहिक शेती करू. घरात पहिला पगार आत्ता कोठे आलेला! आई घाबरते, आणि तिचे घाबरणे अडाणीपणाचे नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयीचा भाबडेपणा फोडून काढला होता, तो ती वाचून नव्हे, जगून जाणते. पण त्याआधी, जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत, अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली होती, हेही विसरून चालणार नाही. एकत्र जगण्याला तेथे नकार नव्हता. दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या जमिनीच्या कडेला जगण्याला होता.

अमेरिकेतल्या काळ्यांनी नेमके हेच करून पाहिले. नागरी हक्कांच्या चळवळीत मतनोंदणी केली म्हणून शेतांवरून हुसकावलेल्या माणसांसाठी १९६९ साली जॉर्जियात ‘न्यू कम्युनिटीज’ उभी राहिली. सुमारे ५,७०० एकर जमीन, मालकी सामूहिक विश्वस्त संस्थेची. दुष्काळ आला, सरकारी कर्ज गोऱ्या शेतकऱ्यांना मिळत होते तसे यांना वेळेवर मिळाले नाही. १९८५ साली जमीन गेली. भेदभावाच्या दाव्यात २००९ साली सुमारे सव्वा कोटी डॉलरची भरपाई मंजूर झाली, आणि २०११ साली त्यांनी पुन्हा जमीन घेतली: १,६३८ एकर, एके काळी गुलामांच्या श्रमावर चाललेला मळा. या प्रयोगावर वॉल्डनसारखे पुस्तक मराठीत नाही. आपल्यापैकी कोणी तरी लिहायला घ्यावे; आणि थोरोसारखाच हिशेब द्यावा, जमिनीच्या किमतीसकट.