वाद मिटला, चूक राहिली

एकाच मजकुराच्या दोन प्रती दोघांनी वेगवेगळ्या सुधारल्या, तर त्या पुन्हा एक कशा करायच्या? हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी संपादित केलेल्या आदिपर्वासाठी आखीव कागद वापरले होते. सर्वांत वर प्रचलित पाठ अक्षरागणिक लिहिलेला असे. त्याखाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ, आणि जे अक्षर वेगळे तेवढेच नेमके त्याच्याखाली. उजवीकडे शेऱ्यांसाठी वेगळा रकाना असे.

आज हेच काम संगणकावर केडिफ-थ्रीसारखी साधने करतात. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेली 'गिट' ही प्रणाली फायलीची प्रत्येक आवृत्ती जपते. दोघांनी एकच ओळ निरनिराळी बदलली, की ती थांबते आणि निर्णय माणसावर सोपवते. यालाच 'मर्ज कॉन्फ्लिक्ट' म्हणतात. आपण त्याला पाठभेदाचा पेच म्हणू.

एक उदाहरण घेऊ. पावसाच्या नोंदींच्या एका फायलीचा मथळा आहे 'उस्मानाबाद जिल्ह्यातील पाऊस'. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले, म्हणून तुळजापूरच्या शिक्षकांनी तो 'धाराशिव जिल्ह्यातील पाऊस' असा केला. परंड्याच्या बाईंनी त्याच वेळी 'उस्मानाबाद जिल्ह्यातील मोसमी पाऊस' असा केला. केडिफ-थ्री वरच्या तीन खिडक्यांत मूळ प्रत आणि दोन्ही सुधारित प्रती दाखवते, खाली तयार होणारी प्रत. मूळ प्रत समोर असल्याने कोणी काय बदलले ते लगेच कळते. हा या साधनाचा मोठा गुण. सुकथनकरांना मूळ प्रत उपलब्धच नव्हती. हस्तलिखितांवरून पोहोचता येईल तितका जुना पाठ शोधणे हेच त्यांचे काम होते.

पण पडद्यावरची ए, बी, सी ही बटणे निवड करायला सुचवतात. बी घेतले तर 'मोसमी' जाते, सी घेतले तर नवे नाव जाते, दोन्ही घेतली तर दोन मथळे होतात. बरोबर उत्तर 'धाराशिव जिल्ह्यातील मोसमी पाऊस'. ते एकाही बटणात नाही. खालच्या खिडकीत हातानेच लिहावे लागते.

याहून गंभीर दोष पुढे आहे. समजा, तीन वर्षांच्या नोंदी ६४०, ८१२ आणि ७०५ मिलिमीटर आहेत. तुळजापूरच्या शिक्षकांनी तक्ता सेंटिमीटरमध्ये केला: ६४, ८१.२ आणि ७०.५. परंड्याच्या बाईंनी फायलीच्या शेवटी प्रश्न घातला: 'किती वर्षी पाऊस ७००पेक्षा कमी पडला?' ओळी वेगळ्या, एकमेकींपासून दूर. त्यामुळे साधन दोन्ही बदल न विचारता स्वीकारते. खरे उत्तर एक वर्ष. आता येते तिन्ही वर्षे. धाराशिवसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात हे उत्तर मुलांना खटकणारही नाही. चूक पाठ्यसाहित्यात मुरून बसेल.

याचे कारण साधे आहे. साधन ओळी जुळवते. एकक, अर्थ, आशय त्याला दिसत नाही. ज्या फायलीत एकही पेच नाही, ती तर गिट या साधनाकडे पाठवतही नाही. रंगीत खिडक्या पाहून सारे तपासले गेले, असा समज मात्र होतो.

शेऱ्यांचा रकानाही इथे हरवला आहे. कोणता पाठ का घेतला, हे लिहायला केडिफ-थ्रीच्या पडद्यावर जागा नाही. गिट मात्र विलीनीकरणासोबत संदेश मागते. तिथे बहुतेक जण आयते वाक्य तसेच ठेवतात. तिथेच कारण लिहावे.

साधन जरूर वापरावे. शाळेत शिकवताना मात्र दोन कामे विद्यार्थ्यांकडून आवर्जून करून घ्यावीत: एकत्र झालेली फाइल पहिल्या ओळीपासून वाचणे, आणि तिच्यातला प्रत्येक प्रश्न नव्या तक्त्यावरून सोडवून पाहणे.