शेवट आधीच ओळखला, मग बिघडलं काय?

आधीच सांगून ठेवते: 'वेस्टवर्ल्ड'च्या पहिल्या सीझनचा आणि 'लॉस्ट'चा शेवट या लेखात फोडलेला आहे. पाहायचं राहिलं असेल तर आधी पाहून या.

एखाद्या मालिकेचा शेवटचा भाग जवळ आला की चाहते तर्क लढवायला लागतात आणि बाकीचे त्यांना रिकामटेकडे म्हणतात. मी म्हणत नाही. २०१६ साली 'वेस्टवर्ल्ड'च्या चाहत्यांनी जे केलं ते आम्ही संशोधक रोज करतो त्याच्या फार जवळचं होतं. खरं सांगायचं तर कधीकधी आमच्यापेक्षा प्रामाणिक.

थोडक्यात कथा. माणसासारखे दिसणारे यंत्रमानव, म्हणजे 'होस्ट', असलेलं एक पार्क. श्रीमंत पाहुण्यांनी यायचं आणि मनाला येईल ते करायचं. दुसऱ्या भागात विल्यम हा बुजरा, सज्जन तरुण पहिल्यांदा तिथे येतो. दुसरीकडे काळ्या कपड्यांतला एक क्रूर म्हातारा तिथे फिरतोय, तो तीसेक वर्षांपासून इथे येतोय. चाहत्यांनी अंदाज बांधला की हे दोघे एकच. दोन काळ आपल्याला एकत्र मिसळून दाखवले जातायत.

पुरावा काय? विल्यम येतो तेव्हा पार्कचा लोगो जुन्या वळणाचा दिसतो आणि आजच्या कंट्रोल रूममध्ये वेगळाच. आता, असे धागे कुठल्याही मालिकेत शोधले तर सापडतातच. मला आवडलं ते दुसरंच. या थिअरीने स्वतःचे हात बांधून घेतले होते. ती खरी असेल तर विल्यम आजच्या कर्मचाऱ्यांसोबत, समजा डॉ. फोर्डसोबत, एकाही दृश्यात दिसता कामा नये. असं एक दृश्य आलं की खेळ खलास. दर आठवड्याला नवा भाग यायचा, म्हणजे दर आठवड्याला परीक्षा. ते दृश्य आलंच नाही आणि ४ डिसेंबर २०१६ रोजी दहाव्या भागाने अंदाज खरा ठरवला.

कार्ल पॉपर यांनी १९३४च्या पुस्तकात मांडलेली कल्पना हीच. एखादं विधान किती गोष्टी समजावून सांगतं यापेक्षा ते कशाला मनाई करतं हे पाहा. ज्याला काहीच मना नाही, ते विज्ञान नाही.

आता उलट उदाहरण. 'लॉस्ट' २००४ ते २०१० चालली. विमान पडतं, माणसं एका बेटावर अडकतात. सुरुवातीपासून एक थिअरी होती: हे सगळे मेलेलेच आहेत. निर्माते नाही म्हणत राहिले. पण या थिअरीला काहीही पचतं. बेटावर अस्वल आलं? मेलेत म्हणून. कुणी बरं झालं? मेलेत म्हणून. शेवटच्या भागात जॅकचे वडील त्याला स्पष्ट सांगतात की बेटावर जे घडलं ते खरंच घडलं. मृत्यूनंतरची जागा होती ती फक्त शेवटच्या सीझनमधली समांतर कथा. तरीही आजसुद्धा लोक भेटतात, "अरे, ते तर पहिल्यापासून मेलेलेच होते ना?" म्हणणारे. समोर आलेला पुरावाही ज्या थिअरीला मारू शकत नाही, तिच्यापासून सांभाळून राहा.

मग आठवडे आधी ओळखल्यामुळे 'वेस्टवर्ल्ड'चा शेवट बिघडला का? माझ्या मते अजिबात नाही. डोलोरेस विल्यमची वाट बघतेय, तो येऊन सोडवेल म्हणून. आणि तिला मारहाण करणारा म्हातारा सांगतो की तो विल्यम मीच. नाव आपल्याला माहीत होतं. पण त्या सज्जन पोराचं हे असं कसं झालं, हे तिच्या चेहऱ्यावर बघणं वेगळं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डोलोरेसच्या डोक्यातला आवाज. तो निर्मात्याचा, असं ती समजत होती. शेवटी कळतं की तो तिचाच आहे. यामागे ज्युलियन जेन्स यांच्या १९७६च्या पुस्तकातली कल्पना आहे: प्राचीन माणसाला स्वतःच्याच मनाचे हुकूम देवाचा आवाज वाटत. मेंदूविज्ञानात ती फारशी मान्य नाही, पण इथे ती चोख बसते. शिवाय हा क्षण कोडं सुटल्यामुळे भिडत नाही, ती कुणाच्या आज्ञेत होती हे समजल्यामुळे भिडतो.

माझी तक्रार पुढच्या सीझनबद्दल आहे. २०१८च्या एप्रिलमध्ये जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांनी दुसऱ्या सीझनचं सगळं गुपित आधीच फोडायची तयारी दाखवली. लोकांनी व्हिडिओ उघडला तर त्यात रिक ॲस्टलीचं गाणं, आणि मग कितीतरी मिनिटं पियानोसमोर बसलेलं कुत्रं. चेष्टा झकास होती! पण सीझन आला तो असा, की बर्नार्डच्या आठवणींसोबत काळही विस्कटलेला. मला तो पाहताना मुद्दाम अवघड काढलेल्या पेपरसारखा वाटला. पेपर सुटला तरी हाती काय लागलं, हा प्रश्न उरतोच. चौथ्या सीझननंतर, २०२२ साली, एचबीओने मालिका बंद केली.

इथे मालिका आणि प्रयोगशाळा वेगळ्या होतात. तुम्ही बरोबर ओळखलं म्हणून निसर्ग उत्तर बदलत नाही. लेखक बदलू शकतो, आणि ओळखले जाण्याच्या भीतीने बदलायला लागला की गोष्ट कमकुवत होते.

आमची फसगत उलट्या बाजूने होते. निसर्ग जागेवरच असतो, आम्हीच सरकतो. डेटा आला की "मला हेच वाटलं होतं" असं म्हणणं फार सोपं. मीही म्हटलंय. म्हणून हल्ली प्रयोगाआधी वहीत तारीख घालून दोन ओळी लिहिते: मला काय दिसेल असं वाटतं, आणि काय दिसलं तर मी हा अंदाज सोडेन. पहिली ओळ चटकन सुचते. दुसरीला कधी अख्खी दुपार जाते.

पुढच्या वेळी आवडत्या मालिकेचा शेवट जवळ आला की तुम्हीही या दोन ओळी लिहून बघा. दुसरी सुचलीच नाही, तर थिअरी बदला.