समुद्रकिनाऱ्यावरील धर्मवाद : दोन तक्रिरी आणि न झालेला महजर

वतनाच्या तंट्यांतील जुने महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांना ठाऊक आहे कीं, गोतसभा एका पक्षाच्या तक्रिरीवर निवाडा करीत नसे. प्रथम दोन्ही पक्ष राजीनामे लिहून देत, मग अग्रवादीची तक्रीर, मग पश्चिमवादीची, त्यानंतर गोही-साक्षी, आणि कागदानें व साक्षीनेंहि प्रकरण उलगडलें नाहीं तरच दिव्य. चावर दोन चावर जमिनीविषयीं जी सावधगिरी आपल्या पूर्वजांनीं दाखविली, ती एकोणिसाव्या शतकांतील हिंदु-ख्रिस्ती धर्मवादाविषयीं लिहितांना आपले लेखक दाखवीत नाहींत, अशी प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे. एक म्हणतो बुवांनीं पाद्र्यांस निरुत्तर केलें. दुसरा म्हणतो पाद्र्यांनीं बुवांचें खंडन केलें. दोघेहि आपल्या आवडीची एकच तक्रीर वाचून निवाडपत्र लिहितात. म्हणून या वादाचीं साधनें कोणत्या जातीचीं आहेत आणि त्यांवर किती भार टाकतां येतो, एवढ्यापुरतीच येथें छाननी करावयाची आहे. कोणाचा धर्म खरा, हा या त्रैमासिकाचा विषय नव्हे.

प्रथम या वादाची पार्श्वभूमि. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले. तेव्हांपासून बाजारांत, देवळाच्या वाटेवर आणि जत्रेंत उभें राहून मराठींत उपदेश करण्याची रीत इकडे सुरू झाली. हॉल तर १८२६ सालीं अशाच एका फेरींत नाशिककडून परततांना पटकीनें वारले. कीर्तनकार व पुराणिक आपल्याकडे पूर्वापार होतेच. परंतु कीर्तनास येणारा श्रोता श्रद्धेनें येऊन बसलेला असतो, आणि रस्त्यावरील उपदेशकाचा श्रोता वाटेंत थबकलेला असतो. एकाचें मौन म्हणजे संमति. दुसऱ्याचें मौन म्हणजे बहुधा कुतूहल किंवा कंटाळा. शिवाय थबकलेला मनुष्य प्रश्न विचारण्यास मोकळा असतो. म्हणून हा चव्हाट्यावरचा उपदेश महाराष्ट्रांत फार दिवस एकतर्फी राहिला नाहीं. लौकरच त्याचा वाद झाला, आणि वादाचे पुढें ग्रंथ झाले.

अशा ग्रंथांची पहिली प्रसिद्ध जोडी १८३१ ची. डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले, आणि दोन वर्षांतच मोरभट दांडेकर यांच्याशीं त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनीं आपली बाजू 'श्रीहिंदुधर्मस्थापना' या पुस्तकांत मांडली. विल्सन यांनीं १८३२ सालीं इंग्रजींत उत्तर छापलें, आणि त्या उत्तराच्या आरंभीं मोरभटांच्या पुस्तकाचें भाषांतर जोडलें. पुढें साताऱ्याच्या नारायणरावांनीं विल्सन यांस उत्तर दिलें व १८३४ सालीं विल्सन यांनीं त्यावर दुसरें खंडन लिहिलें. या व्यवहारांतील एक गोष्ट संशोधकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. प्रतिपक्षाचें म्हणणें आपल्या पुस्तकांत प्रथम देऊन मग खंडन करणें ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची आपली शास्त्रीय रीत. ती येथें परकीय पंडितानेंहि पाळिली. मात्र पूर्वपक्षाचें भाषांतर उत्तरपक्षाच्या हातचें आहे. तेव्हां मूळ मराठी पुस्तक हातीं असतां केवळ त्या इंग्रजी भाषांतरावरून मोरभटांविषयीं मत देणें, म्हणजे पश्चिमवादीनें करून दिलेल्या नकलेवरून अग्रवादीची सनद वाचण्यासारखें आहे.

आतां मुख्य प्रकरण. विष्णु भिकाजी गोखले ऊर्फ विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–१८७१) हे मुंबईस येऊन वेदोक्त धर्मावर व्याख्यानें देऊं लागले, आणि १८५७ सालीं समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशीं त्यांचे जाहीर वाद झाले. प्रतिपक्षांत प्रमुख अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन. सभांचा काळ १५ जानेवारी ते २८ मे असा दिला जातो. जंत्री पाहतां दोन्ही दिवस गुरुवार येतात व मध्यें बरोबर एकोणीस आठवडे भरतात. यावरून आठवड्याच्या ठरीव वारीं वाद होत असें जें म्हणतात त्यास बळकटी येते. मीरतेचा उठाव १० मे रोजीं झाला. म्हणजे अखेरचे तीन गुरुवार त्या उठावानंतरचे आहेत. परंतु दोन तारखा शेजारीं आल्या म्हणून एक दुसरीचें कारण होत नाहीं. वाद त्यामुळेंच थांबले असें म्हणावयाचें तर सरकारी दप्तरांतील किंवा वृत्तपत्रांतील स्वतंत्र पुरावा पुढें ठेविला पाहिजे. नुसती तारीख पुरेशी नाहीं.

या वादाचीं मुख्य साधनें दोन. पहिलें, बोवेन यांनीं १८५७ सालींच प्रसिद्ध केलेला इंग्रजी वृत्तांत. दुसरें, 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हें मराठी पुस्तक, जें १८७२ सालीं, म्हणजे बुवांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालें. दोहोंची तुलना करतांना आपले लेखक एवढेंच पाहतात कीं कोणतें आपल्या बाजूचें आहे. वास्तविक पाहावयाचें तें निराळें. इंग्रजी वृत्तांत काळानें जवळचा आहे, पण भाषेनें दूरचा. मराठी पुस्तक भाषेनें जवळचें आहे, पण काळानें दूरचें. पहिल्यांत स्मृति ताजी आहे, परंतु बुवांचें प्रत्येक वाक्य प्रतिवादीच्या हातून परभाषेंत गेलेलें आहे. दुसऱ्यांत शब्द आपल्या भाषेंतले आहेत, परंतु मध्यें पंधरा वर्षें लोटलीं आहेत, आणि छापील शब्द माझाच आहे असें सांगण्यास बोलणारा जिवंत नाहीं. यांतील एकहि दोष साधन टाकून देण्याजोगा नाहीं. पण दोन्ही दोष मोजल्याशिवाय साधन वापरणें मात्र योग्य नव्हे.

भाषेचा दोष तर विशेष घातक आहे, कारण वाद शब्दांवरच होता. अद्वैत्याच्या तोंडचा 'आत्मा' आणि ख्रिस्ती उपदेशकाच्या तोंडचा 'आत्मा' हे अक्षरांनीं एक, अर्थानें दोन. 'पाप', 'मोक्ष' व 'तारण', 'विश्वास' व 'श्रद्धा', 'ईश्वर' व 'ब्रह्म' यांची हीच गत आहे. किनाऱ्यावर मराठींत बोलतांना उभय पक्षांना हे शब्द सामाईक होते. त्या सामाईकपणांतूनच निम्मा गैरसमज व निम्मी चकमक उत्पन्न झाली असावी. इंग्रजींत उतरतांच प्रत्येक शब्द भाषांतरकाराच्या बाजूस झुकतो आणि चकमकीचें कारणच दिसेनासें होतें. आणि आजचा एखादा लेखक जेव्हां तो इंग्रजी मजकूर पुन्हां मराठींत आणून 'बुवा म्हणाले' असें अवतरणचिन्हांत घालतो, तेव्हां बुवांनीं कधींहि न उच्चारलेलें वाक्य मराठी इतिहासांत दाखल होतें. अशीं वाक्यें पुढें एका पुस्तकांतून दुसऱ्यांत जातात व कांहीं वर्षांनीं तींच पुरावा म्हणून पुढें येतात. हा प्रकार थांबला पाहिजे.

यापुढचा मुद्दा अधिक नाजूक आहे. चव्हाट्यावरील उपदेशांत शास्त्रार्थाच्या जोडीला आणखी एक साधन होतें. तें म्हणजे उपदेशकाची स्वतःची साक्ष. 'मी असा होतों, मला असें घडलें, आणि मी असा झालों' हें कथन. बोवेन यांचें चरित्र याचें ठळक उदाहरण आहे. तारुण्यांत अनेक वर्षें ते नास्तिक होते. ज्या तरुणीवर त्यांचें प्रेम होतें ती वारली व तिचें बायबल त्यांच्याकडे आलें. १८४४ सालीं ते श्रद्धावान झाले, आणि १८४८ सालीं मुंबईस आल्यावर लौकरच मिशनचें वेतन सोडून देशी वस्तींत अल्प खर्चांत राहूं लागले. परंतु साक्ष केवळ एका बाजूची नव्हती. विष्णुबुवाहि सरकारी कस्टम खात्याची नोकरी सोडून सप्तशृंगीस गेले होते, आणि तेथें झालेल्या साक्षात्कारावरच त्यांनीं आपल्या कार्याचा अधिकार ठेविला होता. म्हणजे किनाऱ्यावर ग्रंथाविरुद्ध ग्रंथ उभा होता तसा अनुभवाविरुद्ध अनुभवहि उभा होता. हें अंग आपल्या लेखकांनीं जवळजवळ सोडूनच दिलें आहे. एकाच्या अनुभवास ते 'भ्रम' म्हणतात व दुसऱ्याच्या अनुभवास 'साक्षात्कार', आणि कोणता शब्द कोणाकडे जाणार हें लेखकाच्या नांवावरून अगोदरच सांगतां येतें.

आत्मकथनाची ही पद्धत ख्रिस्ती लोकांनींच इकडे आणिली, हें म्हणणेंहि खरें नव्हे. तुकोबांचे आत्मचरित्रपर अभंग व बहिणाबाईंचें आत्मनिवेदन सर्वांच्या परिचयाचें आहे, आणि महीपतीनें १७६२ सालीं 'भक्तविजय' पुरा केला तो अशाच अनुभवांच्या परंपरेवर. नवीन होतें तें एवढेंच कीं, हें कथन आतां परक्या व प्रसंगीं विरोधी जमावापुढें, मत पालटविण्याच्या हेतूनें होऊं लागलें. श्रोता बदलला कीं कथनाची घडणहि बदलते. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ सालचा. 'अरुणोदय' हें त्यांचें आत्मचरित्र त्यानंतर सुमारें तीन दशकांनीं छापलें गेलें. ग्रंथाचें नांवच सांगतें कीं, आधींचें सारें आयुष्य रात्र म्हणून लावलेलें आहे. यांत असत्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परमहंस सभेसारख्या गुप्त मंडळीविषयीं या ग्रंथांत जें आंतलें वृत्त मिळतें तें अमोल आहे. पण कोणत्या गोष्टी निवडल्या व कोणत्या गाळल्या, हें पहांटेकडे तोंड करून ठरलेलें आहे. येवढें भान वाचकानें ठेवावें.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्यानें धर्मासाठीं घरदार सोडलें त्याच्या शब्दावर संशय कसला? १८५० च्या २१ व्या कायद्यानें धर्मांतर करणाराचा वारसा राखला, पण पंक्ति राखली नाहीं. आई-बाप, बायको, मुलें यांचा वियोग अनेकांनीं सोसला. तें खरें आहे, आणि त्याचा आदर केला पाहिजे. परंतु हा युक्तिवाद दिव्याचा आहे. तापल्या तेलांतून रवा काढून दाखविणाराची निष्ठा व धैर्य दिसे. त्यानें वतनाची वंशावळ सिद्ध झाली असें आजचा इतिहासकार मानीत नाहीं. सोसणें हें प्रामाणिकपणाचें प्रमाण आहे, स्मृतीच्या अचूकपणाचें नव्हे. हाच न्याय बुवांच्या वैराग्यासहि लागू आहे.

मग करावें काय? गोही शोधावा. याचें उत्तम उदाहरण रे. नारायण वामन टिळक यांचें. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला. त्या घटनेविषयीं आपणांजवळ केवळ त्यांचीच साक्ष असती तर आपण तिच्यावरच थांबलों असतों. परंतु १९३४ पासून लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध झालीं. त्यांत तीच घटना, जिचें घर त्या दिवशीं मोडलें अशा स्त्रीच्या तोंडून येते. त्या पुढें स्वतः ख्रिस्ती झाल्या, आणि कथन चाळीस वर्षांनंतरचें आहे, हें खरें. तरी नवऱ्याच्या साक्षींत जी बाजू येणें शक्यच नव्हतें ती येथें आली आहे. विरोधी झालेल्या माणसानें दिलेली कबुली व जवळच्या माणसानें सांगितलेला दोष या दोहोंचें मोल पक्षकाराच्या दहा पानांहून अधिक असतें.

समुद्रकिनाऱ्याच्या वादाला असा गोही अद्याप मिळालेला नाहीं. 'बाँबे गार्डियन' पत्रांतील मजकूर कोणी पुढें करील. पण त्या पत्राचें संपादन दीर्घकाळ बोवेन यांच्याच हातीं होतें, म्हणून तो त्याच तक्रिरीचा भाग समजावा. 'ज्ञानोदय' हेंहि मिशनचेंच पत्र. 'ज्ञानप्रकाश' व त्या वेळचीं इतर देशी पत्रें, आणि खासगी रोजनिशा व पत्रें, हीं पाहिलीं पाहिजेत. विशेषतः ज्यांचा आवाज दोन्ही छापील वृत्तांतांत फारसा येत नाहीं ते श्रोते—वाळूवर उभे राहून हंसणारे, ओरडणारे, मध्येंच उठून जाणारे—त्यांच्यापैकीं एखाद्यानें गांवीं धाडलेल्या पत्रांत दोन ओळी लिहिल्या असल्या तर त्या दोन ओळींचें मोल फार आहे.

म्हणून शेवटीं संग्राहकांस विनंति. आपण जुनें दप्तर सोडवितों तेव्हां सनदा, महजर, बखरी व पोथ्या जपून ठेवितों, आणि त्यांच्यांत अडकलेल्या चार-आठ पानांच्या छापील पुस्तिका 'पाद्र्यांचें कागद' म्हणून किंवा 'निरर्थक वादाचें भारूड' म्हणून रद्दींत टाकतों. हीं पानें हातोहात वांटलीं गेलीं, पातळ कागदावर छापलीं गेलीं, आणि मुद्दाम कोणी जपलीं नाहींत. म्हणूनच ताम्रपटाहून तीं अधिक दुर्मिळ होत चाललीं आहेत. त्यांवरील छापखान्याचें नांव, किंमत, कोणाच्या हातची तारीख, समासांत रागानें लिहिलेलें एखादें 'हें खोटें'—हें सर्व प्रथम टिपून घ्यावें, मग पुस्तिका बांधावयास द्यावी; कारण बांधणारा समास कापतो. त्या समासांतील 'हें खोटें' लिहिणारा हाच कदाचित् आपण शोधीत आहों तो गोही असेल. तो हातीं लागेपर्यंत या वादाचा महजर करूं नये. दोन्ही तक्रिरी शेजारीं ठेवून निवाडा राखून ठेवावा, हेंच न्याय्य.