मालिकापटांचे इतिहासग्रंथ : स्मृती, दप्तर आणि मधला आठवडा

लिखित साहित्याच्या इतिहासकारापुढे निदान मूळ ग्रंथ तरी असतो. अमेरिकन मालिकापटांच्या, म्हणजे प्रेक्षक ज्यांना 'सीरियल' म्हणत त्या हप्त्याहप्त्याने दाखविल्या जाणाऱ्या साहसपटांच्या, इतिहासकाराला तेवढाही आधार नेहमी लाभत नाही. मूकपटांच्या काळातील बहुसंख्य मालिकापट नष्ट झाले आहेत. जे उरले त्यांतील पुष्कळ अपुरे किंवा परदेशी आवृत्तीतून हाती आलेले आहेत. पण अडचण एवढ्यावरच संपत नाही. ज्यांचे सर्व भाग सुस्थितीत आहेत अशा मालिकापटांतही एक अंश फितीवर कधी उतरलाच नव्हता. तो म्हणजे दोन भागांमधला आठवडा. नायक कड्याच्या टोकाला लोंबकळतो, पुढील आठवड्याचे आमंत्रण पडद्यावर येते, दिवे लागतात, आणि सात दिवस नायक तसाच लोंबकळत राहतो. इंग्रजीतील 'क्लिफहँगर' हा शब्द या लोंबकळण्याचाच वाचक होय. मराठी नियतकालिकांच्या वाचकाला हा अनुभव 'क्रमशः' या एका शब्दाने परिचित आहे. या प्रकारावर १९६४ पासून जे ग्रंथ झाले, त्यांनी या मधल्या आठवड्याचे काय केले, हे पाहणे त्यांच्या गुणदोषांच्या परीक्षणास उपयुक्त ठरते.

कॅल्टन लाह्यू यांचा 'कंटिन्यूड नेक्स्ट वीक' हा ग्रंथ ओक्लाहोमा विद्यापीठाने १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. मूक मालिकापटांचा सलग इतिहास सांगणारा हा आरंभीचा महत्त्वाचा ग्रंथ होय. त्याची शैली गप्पिष्ट आहे आणि विवेचनात खोली फारशी नाही. परंतु त्याच्या परिशिष्टातील मालिकापटांच्या नोंदी पुढील प्रत्येक अभ्यासकाने वापरल्या. ज्या कृती पाहावयास मिळत नाहीत त्यांची निदान नावनिशी तरी राहिली, याचे श्रेय लाह्यू यांना द्यावेच लागते. १९६८ च्या 'बाउंड अँड गॅग्ड' या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी त्याच विषयाकडे पुन्हा वळून पाहिले. त्याचे नावच पुस्तकाचा सूर सांगते. रेमंड विल्यम स्टेडमन यांनी १९७१ मध्ये 'द सीरियल्स' या ग्रंथात चित्रपटाबरोबर नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांवरील हप्त्यांच्या कथाही विचारात घेतल्या. हप्ता हे केवळ चित्रपटाचे तंत्र नसून कथनाची एक स्वतंत्र रीत आहे, ही जाणीव त्यांच्या ग्रंथात प्रथम नीट दिसते.

यानंतर ॲलन बार्बर, केन वाइस व एड गुडगोल्ड, जिम हार्मन व डोनाल्ड ग्लूट, आणि विल्यम क्लाइन यांची पुस्तके येतात. १९७० ते १९८४ या काळातील या पुस्तकांना स्मरणग्रंथ म्हणणे योग्य होईल. शनिवार दुपारचे चित्रगृह, मुलांची आरडाओरड आणि मिटता न येणारे डोळे यांचे वर्णन त्यांत वारंवार येते. छायाचित्रांची रेलचेल असते. टीकाकाराने या पुस्तकांची टवाळी करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. कारण मधला आठवडा ज्यांनी प्रत्यक्ष घालविला असे हेच साक्षीदार आहेत. मात्र साक्षीदार आणि इतिहासकार यांची कामे भिन्न असतात, आणि हे लेखक पुष्कळदा साक्षीवरच थांबतात. आगगाडीच्या रुळांना बांधलेली पॉलीन हे त्याचे उत्तम उदाहरण. 'द पेरिल्स ऑफ पॉलीन' हे नाव उच्चारताच अमेरिकन वाचकाच्या डोळ्यांपुढे हे चित्र उभे राहते. पर्ल व्हाइट हिचा हा मालिकापट १९१४ मध्ये वीस भागांत निघाला. आज उपलब्ध आहे ती युरोपसाठी केलेली नऊ भागांची आवृत्ती, आणि तिच्यात हे दृश्य नाही. १९४७ मध्ये बेटी हटन हिला घेऊन पर्ल व्हाइटच्या जीवनावर त्याच नावाचा एक कल्पितप्रचुर बोलपट निघाला. लोकस्मृतीतील पॉलीनच्या घडणीत त्याचाही वाटा आहे. खुद्द पर्ल व्हाइटने १९१९ मध्ये लिहिलेले 'जस्ट मी' हे आत्मचरित्र दंतकथेच्या भरीत भर घालणारेच आहे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या पॉलीनला क्लिफहँगरची जननी मानले जाते तिचे भाग बहुतांशी स्वयंपूर्ण होते. संकट येई आणि त्याच भागात टळे. एडिसन कंपनीच्या १९१२ च्या 'व्हॉट हॅपन्ड टु मेरी' या चित्रमालेचीही रीत तीच. शिवाय या मालिका वृत्तपत्रांशी आणि मासिकांशी बांधलेल्या होत्या : मेरीची कथा 'लेडीज वर्ल्ड' मासिकात, १९१३ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन'ची 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये, आणि पॉलीनची हर्स्ट यांच्या पत्रांत छापली जात असे. याचा अर्थ असा की, कथा वाचून मग चित्रगृहात जाणाऱ्या प्रेक्षकाला घटना आधीच ठाऊक असे. तरीही तो जाई. 'पुढे काय होणार' या कुतूहलावरच मालिकापट उभा होता, हे स्मरणग्रंथांचे गृहीत येथे डळमळीत होते. आणि आश्चर्य असे की, ते डळमळीत करणारी माहिती त्यांच्याच पानांत विखुरलेली आहे.

मग प्रेक्षक कशासाठी जात होता? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास बोलपटांच्या काळातील एक लबाडी फार उपयोगी पडते. आठव्या भागाच्या अखेरीस मोटार नायकासह दरीत कोसळून पेट घेते. नवव्या भागाच्या प्रारंभी तेच दृश्य पुन्हा दाखविले जाते, पण मध्ये एक नवा तुकडा जोडलेला असतो : मोटार कड्यावरून जाण्यापूर्वीच नायक दार उघडून बाहेर उडी टाकतो. गेल्या आठवड्यात ही उडी नव्हती. रसिक मंडळी या प्रकाराला सरळ फसवणूक म्हणत. स्मरणग्रंथांतून या फसवणुकीचा उल्लेख बहुधा हसत हसत, जुन्या खोडीचा करावा तसा, येतो. पण मुलांनी ती हसून सोडून दिली असेल असे मानण्याचे कारण नाही. स्टीव्हन किंग यांच्या १९८७ च्या 'मिझरी' या कादंबरीतील ॲनी विल्क्स ही अशाच एका फसव्या सुटकेवर लहानपणी कशी संतापली होती हे सांगते. कादंबरीतील पात्र हा ऐतिहासिक पुरावा नव्हे हे खरे, तथापि त्या संतापाचे स्वरूप किंग यांनी अचूक ओळखले आहे. नायक वाचला याबद्दल ॲनीची तक्रार नाही. तो वाचणारच होता. तक्रार आहे ती तो नियमाने वाचला नाही याबद्दल. पहिल्या आठवड्यात दाखविलेल्या वस्तुस्थितीतूनच सुटकेचा मार्ग निघाला पाहिजे, असा एक अलिखित करार प्रेक्षक आणि निर्माता यांच्यात होता. आणि मधले सात दिवस हा त्या मार्गाचा शोध घेण्याचा अवधी होता.

हा करार पाळणे किंवा मोडणे ज्यांच्या हाती होते त्यांच्याविषयी दोन ग्रंथ अनमोल आहेत. जॅक मॅथिस यांचा 'व्हॅली ऑफ द क्लिफहँगर्स' (१९७५) हा अवजड ग्रंथ केवळ रिपब्लिक या एका कंपनीला वाहिलेला आहे. हर्बर्ट येट्स यांनी नॅट लेव्हीन यांची मॅस्कॉट आणि इतर लहान कंपन्या एकत्र आणून १९३५ मध्ये रिपब्लिकची स्थापना केली, आणि १९३६ ते १९५५ या काळात तिने सहासष्ट मालिकापट काढले. मॅथिस यांची भिस्त आठवणींवर नसून कंपनीच्या कागदपत्रांवर आहे. चित्रणाच्या तारखा, अंदाजपत्रके, प्रत्यक्ष खर्च असा सारा हिशेब तेथे सापडतो. १९४१ च्या 'ॲडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल'साठी १,३५,५५३ डॉलरांचा अंदाज होता आणि खर्च १,४५,५८८ डॉलर झाला, या कोरड्या आकड्यांतून बारा भागांच्या कथेची घडण जेवढी उलगडते तेवढी छायाचित्रांच्या शंभर पानांतून उलगडत नाही. जुनी दृश्ये पुन्हा वापरून एखाद्या भागात पात्रांनी मागील हकिगत एकमेकांना सांगत बसावे, ही युक्ती कथेच्या गरजेतून आलेली नसून हिशेबाच्या वहीतून आली, हे असा हिशेब पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. मॅथिस यांच्या ग्रंथात विवेचन नाही, दप्तर आहे. पण दप्तराची अशी निष्ठेने केलेली मांडणी ही या विषयातील दुर्मीळ वस्तू होय.

दुसरा ग्रंथ दिग्दर्शक विल्यम विटनी यांच्या आठवणींचा, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला. दारातून आत, मारामारी, दारातून बाहेर, पाठलाग, अशा आशयाचे त्याचे लांबलचक नाव हेच मालिकापटाचे सर्वांत संक्षिप्त लक्षण मानावयास हरकत नाही. विटनी आणि जॉन इंग्लिश यांनी मिळून सतरा मालिकापट केले. एकाने चित्रण करावे आणि दुसऱ्याने त्या वेळात पुढील दिवसाची तयारी करावी, अशी त्यांची आळीपाळी असे. बस्बी बर्कली यांना नृत्याचे तुकडे पाडून बसविताना पाहून मारामारीही तशीच तुकड्यातुकड्यांनी आखावी हे विटनी यांना सुचले. त्यापूर्वी मारामारी म्हणजे माणसे एकमेकांवर सोडून द्यावयाची आणि यंत्र चालू ठेवावयाचे. विटनी यांच्या हाती तिला ताल आला. डेव्हिड शार्प आणि याकिमा कनट यांच्यासारखे कसलेले साहसपटू, आणि लहान प्रतिकृतींतून स्फोट, पूर व कोसळणाऱ्या मोटारी निर्माण करणारे हॉवर्ड आणि थिओडोर लायडेकर हे बंधू, यांच्या कामगिरीविषयी विटनी जे सांगतात ते कारागिराने कारागिराविषयी सांगावे तसे आहे. आत्मस्तुतीचा अंश त्यात नाही असे नाही. पण 'फसव्या सुटके'कडे निर्मात्याच्या बाजूने पाहू गेल्यास तिची कारणमीमांसा येथे मिळते : अपुरा वेळ, अपुरा पैसा, आणि लेखकांची एक तुकडी दर भागाअखेर नवे मरण शोधण्यात गुंतलेली.

विद्यापीठीय अभ्यासाची पाळी यानंतर आली. शेली स्टॅम्प (२०००) आणि बेन सिंगर (२००१) यांनी १९१० नंतरच्या दशकातील नायिकाप्रधान मालिकांकडे लक्ष वेधले. पॉलीनला विवाहापूर्वी काही काळ साहसांत घालवावयाचा आहे; तिच्या इस्टेटीवर डोळा असलेला कारस्थानी माणूस प्रत्येक साहसाचा सापळा करतो. स्वातंत्र्य आणि छळ यांची ही जोडगोळी सिंगर यांनी त्या काळच्या शहरी जीवनाशी आणि स्वस्त नाट्यगृहांतील अतिरंजित नाटकांशी जोडून दाखविली आहे. रेल्वेवरील तारयंत्रचालिकेची 'द हॅझर्ड्स ऑफ हेलन' (१९१४–१७) ही एकशे एकोणीस भागांची मालिका विचारात घेतली, म्हणजे रुळांना बांधलेल्या असहाय स्त्रीचे लोकप्रिय चित्र किती एकांगी आहे ते कळते. तेथे गाडी थांबविणारी, तिच्यावर उडी घेणारी स्त्रीच आहे. सिंगर यांचे विवेचन भारदस्त आहे, पण आधुनिकतेची उपपत्ती कधी कधी इतकी पुढे धावते की मालिकापट मागे राहतो.

स्कॉट हिगिन्स यांच्या 'मॅटिनी मेलोड्रामा' (२०१६) या ग्रंथावर हा आक्षेप घेता येत नाही. बोलपटकालीन मालिकापट हा एक खेळ आहे, त्याचे नियम ठरलेले आहेत आणि रस निकालात नसून खेळीत आहे, असे त्यांचे प्रतिपादन. शनिवारी पाहिलेला सापळा मुलांनी आठवडाभर अंगणात स्वतः खेळून पाहावा, असे त्याचे स्वरूप. स्मरणग्रंथांनी वर्णिलेला पण न समजावलेला मधला आठवडा येथे प्रथमच सिद्धांतात शिरतो. हिगिन्स यांनी चित्रफिती बारकाईने पाहिल्या आहेत आणि त्यांची घडण उकलली आहे. उणीव आहे ती एवढीच की, १९३६ च्या 'फ्लॅश गॉर्डन'पासून १९५६ च्या 'ब्लेझिंग द ओव्हरलँड ट्रेल' या अखेरच्या अमेरिकन मालिकापटापर्यंतचा हा खेळ अमेरिकेच्या अंगणातच खेळला गेला, असा ग्रह त्यातून होतो.

तो ग्रह दूर करण्यास रुडमर कान्येल्स यांचा २०११ चा ग्रंथ पुरेसा आहे. पर्ल व्हाइटच्या इलेनविषयक तीन मालिका एकत्र करून फ्रान्समध्ये १९१५–१६ मध्ये बावीस भागांचे 'ले मिस्तेर द न्यूयॉर्क' तयार झाले आणि पिएर देकुर्सेल यांनी त्याची कादंबरी 'ल मातँ' या दैनिकात चालविली. देश बदलला की भागांची संख्या, क्रम आणि मधला अवधी सारेच बदलते. म्हणजे ज्याला मूळ कृती म्हणावे ती कोणती, हा प्रश्न कान्येल्स उपस्थित करतात. कॅथलिनची गोष्ट याहून चमत्कारिक. एका कल्पित हिंदुस्थानी संस्थानात बळजबरीने राणी केलेल्या अमेरिकन मुलीचे तेरा भाग आज जवळजवळ नाहीसे झाले आहेत. हॅरल्ड मॅकग्रा यांची कादंबरी मात्र उरली आहे.

खऱ्या हिंदुस्थानातील धाग्यांचा शोध रोझी थॉमस यांच्या 'बॉम्बे बिफोर बॉलिवुड' (२०१३) या ग्रंथात लागतो. जमशेद वाडिया यांनी तरुणपणी पाहिलेले अमेरिकन मालिकापट आणि १९३५ च्या 'हंटरवाली'तील नादिया यांचा संबंध थॉमस यांनी साधार दाखविला आहे. चाबूक, बुरखा, घोडा, आणि १९३६ च्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये आगगाडीच्या टपावरील मारामारी, ही सारी सामग्री मुंबईत आली. पण वाडियांचा चित्रपट एका बैठकीत संपणारा होता. याउलट श्रीनाथ पाटणकर यांनी १९१८ मध्येच 'राम वनवास' भागाभागांनी काढला होता. तेथे राक्षस हरणार हेही ठाऊक आणि कसे हरणार हेही ठाऊक. वृत्तपत्रात कथा वाचून पॉलीन पाहावयास जाणारा न्यूयॉर्कचा प्रेक्षक आणि रामकथा जाणून 'राम वनवास'ला जाणारा मुंबईचा प्रेक्षक यांच्यात वाटते तेवढे अंतर नाही. हिगिन्स यांच्या उपपत्तीची कसोटी लावावयाची तर ती या दोन प्रेक्षकांवर लावली पाहिजे. त्यांच्या ग्रंथाचा काळ बोलपटांपासून सुरू होत असल्याने हे दोघेही त्याच्या कक्षेबाहेर राहिले आहेत.